सबख्याच्या काठी

कॅनडाच्या इमिग्रेशनचे कागद हातात पडल्यावर मधू टिपणीस एकदा तिकडे जाऊन आला, आणि येताना बर्फावर चालायचे बूट घेऊन आला. बूट म्हणायचे एवढंच. लाकडाची लंबगोल चौकट, तिच्यात बाजेसारखी विणलेली चामड्याची वादी आणि मधोमध पाऊल अडकवायला पट्टे. अबू धाबीच्या टूरिस्ट क्लब एरियातल्या आपल्या हॉलमध्ये ते पायांत चढवून तो बदकासारखा फेऱ्या मारू लागला, तेव्हा त्याची बायको अपर्णा म्हणाली, "खालचे लोक वर येतील आता. उतर त्यातून."

"सदा, सायन्स बघ यातलं," मधू म्हणाला. "वजन पसरतं. पाय रुततच नाही. तिकडे वीकेंडला लोक हे घालून तळ्याकाठी फिरायला जातात, मित्रबित्र मिळून."

"इथे कुठे फिरणार हे घालून? समुद्राकाठी, कॉर्निशवर?" सदानंद वेलणकर म्हणाला आणि हसला.

तो हसला म्हणून त्याच्या बायकोला, सुनेत्राला, बरं वाटलं. मधूची बातमी कळल्यापासून सदानंद गप्प गप्प होता. दोघे एकाच महिन्यात इथे आलेले. लग्नाआधी एका खोलीत राहिले, एकाच कुकरमध्ये भात लावला. मग बायका आल्या, तेव्हा एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली घरं घेतली. सुनेत्राची ओवी झाली त्या दिवशी सदानंद साइटवर अडकला होता आणि हॉस्पिटलमध्ये पळापळ मधूने केली होती. आता मार्चमध्ये टिपणीस मंडळी जाणार, म्हणजे सदानंदचं इथलं माणूसच जाणार. तो बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता. कन्सल्टंटच्या ऑफिसात इमारतींच्या पायांची ड्रॉइंग तपासायचं काम करता करता त्याचा स्वभावही तसाच झाला होता. सगळं आधी दोनदा बघायचं, मग सही करायची.

अठ्ठ्याण्णवची ईद जानेवारीच्या शेवटी आली, शुक्रवारला जोडून. मधूने जाहीर केलं की ही शेवटची ट्रिप, आणि जागा तो ठरवणार. तो गॅस कंपनीत होता आणि कामासाठी त्याला पश्चिमेकडच्या साइट्सवर सारखं जावं लागे. "तरीफच्या पुढे, हायवेपासून आत," तो सांगत होता. "आठवडाभर पाऊस झालाय ना? सबख्यात तळं भरलंय. फ्लेमिंगो उतरलेत. आणि मीठ वर येऊन जमीन अशी पांढरी झालीये, सदा, सेम बर्फ. कॅनडा बघायला तुला कॅनडात यायची गरज नाही."

सबखा म्हणजे समुद्राकाठची सपाट खारवट जमीन. वरून मिठाचा पापुद्रा, आत काय असेल ते देवाला ठाऊक.

गुरुवारी दुपारी ते पोचले. गाडी एकच होती, मधूची पजेरो. वाळूच्या एका टेकाडाआड तंबू ठोकला. समोर खरोखरच डोळे दिपतील अशी पांढरी जमीन होती, दूरवर पसरलेली, आणि तिच्या टोकाला तळ्याची निळसर रेघ. संध्याकाळी अपर्णाने मसालेभात केला. पुरुषांनी जुन्या खोलीतल्या गोष्टी काढल्या आणि आठ वर्षांची ओवी मधूकाकाच्या मांडीवर झोपून गेली. सुनेत्राला वाटलं, बरं झालं आलो.

शुक्रवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. वारा गार होता, कान दुखावेत इतका. थालीपीठं खाऊन झाल्यावर मधूने ते बूट चढवले आणि पांढऱ्या जमिनीवर उतरला. पापुद्रा पायाखाली करकर वाजत होता, पण मोडत नव्हता. बरंच आत जाऊन तो परत आला. ओवीने ते बूट घालून पाहिले आणि तीन पावलांत तोंडावर आपटली. सगळे पोट धरून हसले.

"आता तळ्याशी उभा राहतो. सदा, फोटो काढ. टोरांटोच्या ऑफिसात लावतो. म्हणतो, अबू धाबीत स्नो बघा."

"इथून काढतो की. झूम आहे."

"इथून मी माशीएवढा दिसेन रे. माझ्या पावलांवरून ये. माझं वजन धरलं जमिनीने, तुझं नाही धरणार?"

सदानंदने टाच जमिनीवर दाबून पाहिली. "तुझं वजन त्या बुटांनी धरलंय," तो म्हणाला. "मला ही जमीन आवडत नाही."

सुनेत्रा ताटं पुसत होती. ती म्हणाली, "जा ना हो. पुन्हा कधी येणारेत ते? प्रत्येक गोष्टीत काय तोलून मापून वागायचं."

तो गेला. गळ्यात कॅमेरा, पायात कॅनव्हासचे बूट. मधूच्या मागे, त्याच्या वाटेवर पाऊल टाकत.

सुनेत्राने चहाचं आधण ठेवलं. स्टोव्ह वाऱ्याने विझत होता, म्हणून ती आणि अपर्णा त्याला आडोसा करत होत्या. हाक ऐकू आली तेव्हा तिने मान वर केली. लांब, पाण्याच्या जवळ, दोघे दिसत होते. मधू होता तेवढा होता. सदानंद बुटका झाला होता.

तिला क्षणभर ते कळलंच नाही. तो बसलाय असं वाटलं. मग मधू वाकून त्याला ओढताना दिसला, आणि स्वतःच आडवा पडला, आणि पोटावर सरपटत मागे येऊ लागला.

मधू काठाला आला तो छातीपर्यंत काळ्या चिखलाने माखलेला. बूट त्याने पट्ट्यांना धरून ओढत आणले होते. "पापुद्रा फुटला," तो म्हणाला. "मी ओढायला गेलो तर तो आणखी आत... मी पण जात होतो, वहिनी. कमरेपर्यंत गेलाय तो." आणि वाळूवर बसून हा नव्वद किलोचा माणूस हुंदके देऊ लागला.

त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती. ती कालपासूनच नव्हती. काल त्याचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

"भावजी, गाडी काढा आणि हायवेला जा," सुनेत्रा म्हणाली.

"त्याला असा टाकून?"

"आमच्यापैकी कोणाला गाडी येते? पोलीस, ट्रकवाला, जो भेटेल त्याला आणा. जा."

आपला आवाज इतका कोरडा कसा, असं तिला वाटून गेलं. मधू उठला. पजेरोची धूळ टेकाडामागे गेली, आणि मग फक्त वारा राहिला.

अपर्णाने सुनेत्राच्या पायांत ते बूट बांधले. एक पट्टा दोनदा सुटला. सुनेत्राने आइसबॉक्सचं झाकण घेतलं, खाली अंथरलेली प्लॅस्टिकची चटई गुंडाळून पाठीला ओढणीने बांधली आणि भाताचा मोठा डाव कमरेला खोचला. आणखी काय न्यायचं ते सुचेना. ओवी म्हणाली, "मम्मा, इज बाबा स्टक?"

"हो. मी आणते त्याला. तू मावशीजवळ थांब."

चालणं सोपं नव्हतं. पाय फाकवून टाकायचा, नाहीतर एक बूट दुसऱ्यावर पडायचा. सुरुवातीला पापुद्रा करकरला, पुढे तो आवाज बंद झाला आणि पायाखाली जमीन सायीसारखी हलायला लागली. ती समोर बघत चालली. सदानंद तिच्याकडेच बघत होता. त्याने हात दोन्हीकडे पसरून जमिनीवर टेकले होते, जणू टेबलावर रेलून बसलाय.

ती जवळ पोचली तेव्हा तो म्हणाला, "कॅमेरा घे. ओलं झालं तर फिल्म जाईल."

तिने कॅमेरा घेऊन आपल्या गळ्यात घातला. मग झाकण त्याच्या छातीखाली सरकवलं, चटई शेजारी पसरली आणि तिच्यावर पोटावर पडून डावाने उकरायला लागली. चिखल काळा होता आणि त्याला अंड्यासारखा वास येत होता. एक डाव काढावा तर तेवढाच बाजूने येऊन भरे. तिने हातांनी उपसलं. नखं मोडली. तिने त्याच्या काखांत हात घालून ओढलं, तर तो ओरडला, आणि बोटभर आणखी खाली गेला.

"नको. ओढू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "हलवलं की आत जातोय. मधू गेलाय ना?"

"गेलेत. येतीलच."

"मग नुसती बस इथे."

मग ती बसली. त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिली. पाय जाणवताहेत का, तिने विचारलं. उजवा जाणवतोय, तो म्हणाला, डावा मघाशी दुखत होता, आता दुखत नाही. हे चांगलं की वाईट ते दोघांनाही कळलं नाही. थोड्या वेळाने पाऊस आला. मोठा नव्हता, पण गार होता, आणि अंगात शिरत होता. सदानंदचे ओठ निळे पडले. तो काही बोलायला लागला की शब्द अडखळत. एकदा त्याने विचारलं, "आज ऑफिस आहे का?" सुनेत्रा म्हणाली, "नाही, ईद आहे." तो म्हणाला, "हां. ईद." एका क्लिनिकच्या लॅबमध्ये ती काम करत होती. डॉक्टर नव्हती, पण गारठलेल्या माणसाची जीभ जड होते आणि मग त्याला थंडी वाजणं बंद होतं, एवढं तिने ऐकलं होतं. ती त्याच्या दातांचा आवाज ऐकत राहिली. तो आवाज येतोय तोवर ठीक.

मग वारा फिरला. आतापर्यंत तो पाठीवर होता, आता तळ्याकडून तोंडावर यायला लागला. आणि त्याच्याबरोबर पाणी आलं. त्याला लाट नव्हती, आवाजही नव्हता. फरशीवर कोणी बादली कलंडवावी तसं ते पातळ, चकचकीत, सगळीकडून एकदम पसरत आलं. चटईखाली शिरलं. सदानंदच्या शर्टाच्या कडेला लागलं.

"पाणी आहे का हे?" त्याने विचारलं.

"पावसाचं आहे," ती खोटं बोलली.

ती काठाकडे बघायला वळली, गाडी दिसते का म्हणून. गाडी नव्हती. अपर्णाही नव्हती. अपर्णा टेकाडावर चढली होती, रस्त्याकडे बघायला. आणि पांढऱ्या जमिनीवर, मधूच्या पावलांच्या वाटेने, ओवी चालत येत होती. हातात काहीतरी निळं होतं. सदानंदचं जाकीट.

"ओवी, थांब! तिथेच थांब!"

आपल्याला हाक मारताहेत एवढंच तिला कळलं असावं. ओवीने हात हलवला. "आय गॉट बाबाज जॅकेट!"

सदानंदने मान उचलली. त्या गुंगीतूनही त्याला दिसलं. "ओवी," तो म्हणाला. "सुनेत्रा, ओवी. जा. जा तू."

ती उठायला गेली आणि उठता आलं नाही. त्याच्या हाताची पकड तिच्या मनगटावर होती. तो जा, जा म्हणत होता, आणि बोटं सुटत नव्हती. थंडीने ती आखडली होती की काय होतं, कोण जाणे. तिने एकेक बोट धरून उलगडलं. शेवटचं बोट सोडवताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

चटई तिने त्याच्याजवळ ठेवली आणि ती निघाली. मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर पाय उचलला नसता, असं ती नंतर अपर्णाला म्हणाली. ओवीच्या पायाखालचा पापुद्रा अजून धरून होता, पण तिच्या मागच्या पावलांच्या खळग्यांत पाणी भरत होतं. सुनेत्राने तिला उचललं नाही, तिला दंडाला धरून वळवलं आणि पुढे घालून चालवत नेलं. पोर रडायला लागली. "ही वॉज कोल्ड, मम्मा. आय सॉ ही वॉज कोल्ड."

"चल. पुढे बघ. चल."

अपर्णा धावत खाली आली होती. सुनेत्राने ओवीचा हात तिच्या हातात दिला. "हिला धर. काही झालं तरी सोडू नकोस."

"गाडी दिसत नाहीये ग," अपर्णा म्हणाली. मग तिने तळ्याकडे बघितलं. मघाची पांढरी जमीन अर्धी पाण्याखाली गेली होती. मधे सदानंदचं डोकं आणि खांदे दिसत होते. "सुनेत्रा. थांब जरा. आता तिथे पाणी आहे. तू पण अडकलीस तर हिचं कोण? मधू येईलच आता. ऐक माझं. थांब."

अपर्णा वाईट बोलत नव्हती. जे खरं होतं तेच बोलत होती. सुनेत्रा वाळूवर बसली. पाय त्या लाकडी चौकटींतच होते. ओवी तिला चिकटली, ओली, गरम, श्वास लागलेली, आणि त्या उबेपासून हलावं असं तिला वाटेना. डोक्यात भलभलतं येत होतं. पासपोर्ट कपाटात कुठल्या कप्प्यात आहेत. पुण्याला फोन कोणाला करायचा, सासऱ्यांना की दिराला. ओवीची शाळा. ती हे सगळं विचारात घेत होती, म्हणजे सदानंद गेला असं धरूनच. आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती उठली.

"सुनेत्रा," अपर्णा म्हणाली.

सुनेत्राने जाकीट कमरेला बांधलं आणि ती पाण्यात शिरली.

या खेपेला बुटांनी साथ दिली नाही. भिजून वादी सैल झाली होती आणि चौकट प्रत्येक पावलाला चिखल उचलत होती. अर्ध्या वाटेवर एक पट्टा तुटला. तिने दोन्ही बूट काढून टाकले आणि हात-गुडघ्यांवर झाली. पाणी कोपरापर्यंत होतं. हात आत जात होते, पण पालीसारखं पसरून सरकलं तर जमीन धरत होती. पाऊस डोळ्यांत जात होता. कॅमेरा छातीखाली खरडत होता. तो काढून टाकायचं तिला सुचलं नाही.

सदानंदचे डोळे मिटलेले होते. पाणी त्याच्या काखेपर्यंत आलं होतं. दातांचा आवाज थांबला होता.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चारचौघांत आणि घरात, भांडणातसुद्धा, ती त्याला अहो म्हणत आली होती. "सदा," ती ओरडली. "ए सदा. डोळे उघड. उघड म्हणते ना."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. त्याने डोळे उघडले आणि बराच वेळ बघत राहिला. "तू गेली होतीस," तो म्हणाला.

"आले. पाय हलव."

"नाही."

"हलव, सदा. उजवा हलव. थोडासा हलव."

त्याच्या तोंडावर काहीतरी उमटलं. "पातळ लागतंय," तो म्हणाला.

पाणी आत उतरलं होतं. तिने त्याच्या कमरेभोवती हात घातला, तर मघाचा मळलेल्या कणकेसारखा चिखल आता पेजेसारखा झाला होता. तिने हात मांडीवरून खाली नेला, तोंड पाण्यात जाईपर्यंत नेला, आणि बोटांनी वाट मोकळी करत राहिली. पाणी त्या वाटेने खाली जात होतं. "मागे रेल. झाकण पाठीशी लावते. मागे रेल आणि सायकल मारल्यासारखा पाय हलव." तो मागे रेलला. त्याचं तोंड आभाळाकडे होतं, पावसाचं पाणी उघड्या डोळ्यांत पडत होतं. किती वेळ गेला ते दोघांनाही कधी सांगता आलं नाही. तो मधेच थांबे, झोप येते म्हणे. ती त्याच्या कानाशी ओरडे, शिव्या देई. ज्या शिव्या तिने जन्मात उच्चारल्या नव्हत्या त्या तिला येत होत्या. उजवा गुडघा वर आला. मग उजवं पाऊल, बुटाशिवाय. डावा पाय येत नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी पिंढरीला धरला आणि वळवला. काहीतरी सुटलं. सदानंदने एक आवाज काढला, आणि मग तो सगळाच्या सगळा पाण्यावर आडवा झाला.

तिने त्याला चटईवर लोळवलं. ओढणी चटईच्या एका टोकाला गाठली, दुसरं टोक आपल्या कमरेला, आणि हात-गुडघ्यांवर काठाकडे निघाली. गुळगुळीत प्लॅस्टिक पाण्यावर सरकत होतं. हे एवढं एकच त्या दिवशी तिच्या बाजूने होतं. थोडं जायची, मागे वळून सदानंदचं तोंड पाण्याबाहेर आहे का बघायची, पुन्हा थोडं जायची. पुढे पुढे ती फक्त जात होती. बघायची ताकद संपली होती.

काठावर हिरवी जीप दिसली. मधू आणि दोन पोलीस फळी घेऊन पाण्यात उतरत होते. मधूची गाडी हायवेच्या अलीकडेच फसली होती, तिथून तो पळत रस्त्यावर पोचला होता आणि तिथे पहिल्या ट्रकने त्याला घेतलं नव्हतं. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी एका पोलिसाने सुनेत्राला खांद्याखाली धरलं आणि तो म्हणाला, "खलास, सिस्टर, खलास. छोडो." अरबीत खलास म्हणजे झालं, पुरे. तिने ओढणीची गाठ सोडली नाही. ती त्याला चाकूने कापावी लागली.

पण ते तिथे संपलं नव्हतं. जवळच्या हॉस्पिटलमधून सदानंदला त्याच संध्याकाळी अबू धाबीला हलवलं. दाबल्या गेलेल्या स्नायूंतून रक्तात विष उतरतं, डॉक्टर म्हणाले, आणि किडन्यांना ते झेपत नाही. त्याची लघवी लाल, मग काळी झाली, मग बंदच झाली. त्याला डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. सुनेत्रा रोज विचारायची आणि डॉक्टर रोज म्हणायचे, "इन्शाल्ला." रशीदा नावाची एक मलबारी नर्स होती, ती तेवढी तिला बाजूला घेऊन म्हणायची, "आज कलसे अच्छा है," आणि सुनेत्रा त्यावर दिवस काढायची. ओवी अपर्णाकडे असायची. रात्री कपडे बदलताना सुनेत्राच्या मनगटावर बोटांचे निळे वळ दिसायचे. ते हिरवे झाले, पिवळे झाले, आणि गेले.

मधू रोज यायचा आणि कॉरिडॉरमध्ये बसायचा. आत यायचा नाही. सदानंद मशीनवरून उतरला, उठून बसायला लागला, तरी तो दारातून परत फिरायचा. शेवटी सदानंदच म्हणाला, "त्याला आत घे."

मधू खुर्चीच्या कडेवर टेकला. दाढी वाढली होती. "मी तुला बोलावलं," तो म्हणाला. "तू नाही म्हणत होतास."

"मी आलो," सदानंद म्हणाला.

"मी ओढायला नको होतं. पळून यायला नको होतं."

सदानंदने पांघरूण नीट केलं. त्याचा डावा पाय पांघरुणाखाली एका बाजूला कलला होता. ते पाऊल आता उचलत नव्हतं, आणि उचलेल असं कोणी सांगत नव्हतं. "मधू," तो म्हणाला, "मला राग येतो तुझा. उगाच नाही कशाला म्हणू? रात्री येतो, सकाळी जातो. तू जा तिकडे. तिकडे पोचलास की फोन कर. तोपर्यंत बहुतेक जाईल."

मधूने मान हलवली. सुनेत्राने दोघांना चहा आणून दिला. दोघांनी तो प्यायला.

मधू गेल्यावर सदानंद तिला म्हणाला, "तू ओवीला घ्यायला गेलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, दोघी काठावर आहेत. आता झोपायला हरकत नाही."

सुनेत्रा कप विसळायला उठली. जा म्हणून मीच म्हणाले होते तुम्हाला, फोटोसाठी, हे तिला बोलायचं होतं. काठावर बसून मी पासपोर्ट शोधत होते, हेही बोलायचं होतं. तिने नळ सोडला आणि कप विसळले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टिपणीस मंडळी गेली. सदानंद कुबड्या घेऊन लिफ्टपर्यंत आला. खाली टॅक्सीशी अपर्णा सुनेत्राच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तुला थांब म्हटलं होतं मी." सुनेत्रा म्हणाली, "मी थांबले होते ग." अपर्णाला ते कळलं की नाही, कोण जाणे. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली.

वर येताना लिफ्टमध्ये ओवीने विचारलं, "मम्मा, यू लेफ्ट बाबा देअर? फॉर मी?"

"हो," सुनेत्रा म्हणाली.

"वॉज ही स्केअर्ड?"

"हो. मी पण घाबरले होते."

ओवी आकडे बदलताना बघत राहिली. त्यांचा मजला आला. दार उघडलं, आणि समोर सदानंद भिंतीला पाठ टेकून अजून तिथेच उभा होता. एक कुबडी खाली पडली होती आणि ती त्याला उचलता येत नव्हती. सुनेत्राने ती उचलून त्याच्या काखेखाली दिली, आणि ओवी पुढे धावली, घराचं दार उघडायला.